शाळा बोर्डाचा कारभार कसा चालतो? कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या की पालकांचे प्रश्न सुरू होतात आणि मे-जूनमध्ये अंदाजपत्रकाच्या दिवसांत पुन्हा तेच येतात. दर वेळी वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक शाळा डिस्ट्रिक्टपुरती आहेत (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांचा समूह). टेक्सास, न्यू जर्सी किंवा इलिनॉयमधल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत. हा वकिली सल्ला नाही.

१. बोर्ड म्हणजे नक्की कोण? पीटीए आणि बोर्ड एकच का?

नाही. पीटीए ही पालक-शिक्षकांची स्वयंसेवी संघटना. ती निधी गोळा करते, कार्यक्रम करते, पण तिचा ठराव शाळेवर बंधनकारक नसतो. बोर्ड (कुठे ‘बोर्ड ऑफ ट्रस्टीज’, कुठे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’) हे मतदारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. बहुतेक ठिकाणी पाच सदस्य, काही ठिकाणी तीन किंवा सात. लॉस एंजेलिसला सात आहेत. मुदत साधारण चार वर्षांची. अंदाजपत्रक, धोरणं, शिक्षकांशी वेतनकरार, अभ्यासक्रम, शाळा उघडणं-बंद करणं, शेवटची सही यांची. मानधन बहुधा जुजबी असतं. बहुतेक ट्रस्टी दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येतात.

शाळेच्या पातळीवरची ‘साइट कौन्सिल’ आणखी वेगळी. ती एका शाळेचा आराखडा बनवते, पण त्यालाही मंजुरी बोर्डाचीच लागते.

२. आम्ही क्युपर्टिनोत राहतो. आमचं बोर्ड कोणतं?

दोन बोर्डं आहेत, आणि इथेच निम्मे लोक चुकीच्या दारात जातात. आठवीपर्यंत बहुतेक घरांसाठी क्युपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्ट. नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. या दुसऱ्याचा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही. फ्रीमाँट शहराचं डिस्ट्रिक्ट म्हणजे फ्रीमाँट युनिफाइड. ‘युनिफाइड’ म्हणजे बालवाडी ते बारावी एकाच बोर्डाखाली. राज्यात नऊशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांच्या हद्दी शहरांच्या हद्दींशी जुळतीलच असं नाही. पत्ता टाकून काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

३. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखंच ना हे?

वरवर तसं वाटतं, पण अधिकारात मोठा फरक आहे. महाराष्ट्रात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. पण ती समिती एका शाळेपुरती, आणि शिक्षकांची नेमणूक, पगार तिच्या हातात नसतात. इथलं बोर्ड सगळ्या शाळांचं मालक आहे, नोकरी देणारं तेच आणि करारावर सही करणारंही तेच. समितीपेक्षा जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणलीत तर जास्त जवळ जाल. फक्त ही जिल्हा परिषद शाळेखेरीज दुसरं काही बघत नाही.

४. मोठा कोण, सुपरिंटेंडेंट की बोर्ड?

बोर्ड. सुपरिंटेंडेंटला नेमतं, त्याचं मूल्यमापन करतं आणि काढूही शकतं ते बोर्डच. बाकी रोजचा कारभार सुपरिंटेंडेंटचा: मुख्याध्यापक, शिक्षक, बस, कँटीन सगळं त्याच्या हाताखाली. एकट्या ट्रस्टीला कसलाही अधिकार नसतो. तो मुख्याध्यापकांना फोन करून ‘या मुलाचा वर्ग बदला’ असं सांगू शकत नाही. अधिकार असतो तो बैठकीत, मतदानाने, सगळ्या बोर्डाला मिळून. म्हणून ‘अमुक ट्रस्टी ओळखीचे आहेत, ते काम करून देतील’ या आशेवर राहू नका. चांगला ट्रस्टी तुम्हाला आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस, असा रस्ता दाखवेल.

५. बैठक कधी असते आणि अजेंडा कुठे मिळतो?

बहुतेक बोर्डं महिन्यातून एक-दोनदा, आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी भरतात. नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावाच लागतो. मंगळवारी संध्याकाळी बैठक असेल तर व्यवहारात तो शुक्रवारी चढतो. विशेष बैठकीला २४ तासांची नोटीस पुरते आणि तिथे नोटिशीत लिहिलेल्या विषयांखेरीज काहीही घेता येत नाही.

हे नियम ब्राउन ॲक्टचे, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसमोर घ्यायला लावणाऱ्या राज्याच्या कायद्याचे. मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांच्या नावाचा हा कायदा १९५३ चा. त्याआधीच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने स्थानिक संस्था गुपचूप बैठका कशा घेतात यावर लेखमाला चालवली होती, त्यातून तो आला.

अजेंडा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतो, बऱ्याचदा बोर्डडॉक्स किंवा सिम्बली या प्रणालीवर. प्रत्येक विषयाखालची जोडपत्रं उघडा. खरा मजकूर तिथे असतो. शुक्रवारी रात्री वीस मिनिटं अजेंड्याला देणारा पालक, मंगळवारी तीन मिनिटं तावातावाने बोलणाऱ्यापेक्षा बोर्डाच्या जास्त कामी येतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि स्वतःच्याही.

६. अजेंड्यात ‘कन्सेंट कॅलेंडर’ असतं ते काय?

नेहमीच्या, वादाच्या नसलेल्या विषयांचा गठ्ठा: मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणं, बिलं, नेमणुका, सहलींना परवानगी, छोटी कंत्राटं. सगळ्यांवर मिळून एकच मतदान होतं, चर्चा नाही. पण लक्ष ठेवा. एखादं सल्लागाराचं कंत्राट किंवा सॉफ्टवेअरची खरेदी त्यातच बसलेली असते आणि तीस विषय मिनिटभरात मंजूर होतात. कोणताही ट्रस्टी एखादा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढायला सांगू शकतो; मग त्यावर वेगळी चर्चा आणि वेगळं मत होतं. म्हणून शंका असेल तर बैठकीच्या आधी ट्रस्टींना ईमेल करा. कन्सेंटवर मतदान झाल्यावर हात वर करून उपयोग नाही.

बाकी विषयांपुढे ‘माहिती’, ‘चर्चा’ किंवा ‘कृती’ असं लिहिलेलं असतं. वादाचा विषय बहुधा आधी एका बैठकीत चर्चेला येतो आणि पुढच्या बैठकीत कृतीला. मत बदलायचं असेल तर पहिल्या फेरीत जा. दुसऱ्या फेरीपर्यंत ट्रस्टींची मनं बरीचशी ठरलेली असतात.

७. अजेंड्यावरची भाषा मोघम असली तर चालतं का?

नाही, आणि याचं एक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डाने लोवेल हायस्कूलचे गुणांवर आधारित प्रवेश कायमचे बंद केले. अजेंड्यावरच्या शीर्षकात मात्र शाळेतल्या वंशभेदाला उत्तर देण्याची भाषा होती. प्रवेशाची पद्धत बदलणार आहे हे सामान्य वाचकाला कळणं कठीण होतं. त्याच वर्षी न्यायालयाने ब्राउन ॲक्टचा भंग झाल्याचा निकाल दिला. विषयाचं वर्णन थोडक्यात असलं तरी चालतं, पण त्यावरून काय ठरणार आहे ते कळलं पाहिजे.

८. मला बैठकीत बोलता येईल का? मी एच-वनवर आहे.

येईल. नागरिकत्व, व्हिसा, मूल शाळेत आहे की नाही, कशाचीच अट नाही. नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. बोलायचं असेल त्याने भरून द्यायच्या चिठ्ठीवर नाव मागतात ते क्रमाने बोलावण्यासाठी. नियमित बैठकीत अजेंड्यावरच्या कोणत्याही विषयावर, तसंच अजेंड्यावर नसलेल्या पण बोर्डाच्या कक्षेतल्या विषयावरही बोलता येतं. विशेष बैठकीत फक्त नोटिशीतल्या विषयांवर.

वेळ बहुधा तीन मिनिटं. गर्दी झाली की अध्यक्ष ती दोन किंवा एक मिनिट करतात. म्हणून भाषण तीन मिनिटांचं लिहा आणि एका मिनिटाचं दुसरं खिशात ठेवा. पहिल्या वाक्यात काय हवं ते सांगा. ‘गुड इव्हनिंग, माय नेम इज…’ पासून मुलाच्या जन्मकथेपर्यंत जाता जाता दिवा लाल होतो.

झूमवरून बोलता येतं का, ते बोर्डागणिक वेगळं आहे. महामारीनंतर काहींनी ती सोय ठेवली, काही फक्त थेट प्रक्षेपण दाखवतात. अजेंड्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.

९. सासूबाईंना इंग्रजीत बोलणं जड जातं. मराठीत चालेल?

चालेल. दुभाषामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा असं कायदाच सांगतो, म्हणजे तीन मिनिटांची सहा मिनिटं. फक्त बोर्डाकडे कानात एकाच वेळी भाषांतर ऐकण्याची यंत्रणा असेल तर ही सवलत लागू होत नाही. मराठीचा दुभाषा डिस्ट्रिक्टकडे तयार असेल ही अपेक्षा धरू नका. घरचं माणूस उभं राहून वाक्यावाक्याने सांगू शकतं. चिठ्ठीवर ‘भाषांतरासह’ असं आधीच लिहा, नाहीतर घड्याळ तीन मिनिटांवरच लावलेलं असतं आणि मग ऐनवेळी वाद होतो.

१०. मी इतकं पोटतिडकीने बोललो. पाचातलं एकही माणूस उत्तर देईना. हा अपमान नाही का?

नाही, तो कायदा आहे. सगळ्यांत जास्त आलेला आणि सगळ्यांत जास्त मनस्ताप देणारा प्रश्न हाच.

अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करताच येत नाही, कारण ज्यांना तो विषय महत्त्वाचा आहे त्यांना तो आज निघणार हे ठाऊक नव्हतं. ट्रस्टींना तेवढ्यापुरतं करता येतं ते इतकंच: थोडक्यात प्रतिसाद देणं, खुलाशासाठी एखादा प्रश्न विचारणं, कर्मचाऱ्यांना माहिती घ्यायला सांगणं, किंवा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या असं म्हणणं. शेवटची दोन वाक्यं ऐकू आली तर तुमचं काम झालं असं समजा.

ही बैठक लोकांसमोर होते, पण ती लोकांची सभा नसते. ग्रामसभेत उठून सरपंचाला जाब विचारण्याची सवय असलेल्यांना हे खटकतं, आणि खटकणं साहजिक आहे. मला स्वतःला वाटतं की अध्यक्षांनी दर वेळी पब्लिक कमेंटच्या, म्हणजे लोकांच्या बोलण्याच्या, आधी हे दोन वाक्यांत सांगावं. काही सांगतात, बरेच सांगत नाहीत.

११. बोलण्याऐवजी ईमेल पाठवली तर?

चांगलं आहे. ट्रस्टींना ती मिळते, पण बैठकीत वाचून दाखवतीलच असं नाही. ती सार्वजनिक दस्तऐवज ठरते, म्हणजे कुणीही मागवू शकतं. मुलाचं नाव, आजार, गुण त्यात लिहू नका. पाचही ट्रस्टींना एकच पत्र पाठवायला हरकत नाही. फक्त कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं नाही तर रागावू नका. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१२. शिक्षकाचं नाव घेऊन बैठकीत तक्रार करता येते का?

करता येते. काही डिस्ट्रिक्टनी ‘कर्मचाऱ्यांवर टीका नको’ असे नियम केले होते. मोरेनो व्हॅली आणि व्हिस्टा इथले तसे नियम फेडरल न्यायालयांनी १९९० च्या दशकात उचलून धरले नाहीत. धोरणांवर, कार्यक्रमांवर, सेवांवर टीका करायला मनाई करता येत नाही असं ब्राउन ॲक्टमध्येही आहे.

पण करावी का? बहुधा नाही. नाव घेतलं तरी बोर्ड तिथे काही करू शकत नाही, आणि खोटा आरोप केलात तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. त्यासाठी लेखी तक्रारीची वेगळी वाट आहे. भेदभाव, छळ, बेकायदा फी अशा तक्रारींना ‘युनिफॉर्म कम्प्लेंट’ पद्धत लागू होते आणि डिस्ट्रिक्टला साधारण ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा लागतो. अर्ज संकेतस्थळावर असतो.

१३. दोन विरुद्ध एक मतं पडली, तरी ठराव नामंजूर झाला. हे कसं?

पाच जणांच्या बोर्डात ठराव मंजूर व्हायला तीन मतं लागतात, मग हजर कितीही असोत. नियम हजर सदस्यांच्या बहुमताचा नाही, एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचा आहे. त्या दिवशी तिघेच आले होते. कोरम झाला, सूचक-अनुमोदक मिळाले, दोघे बाजूने आणि एक विरोधात. तिसरं मत नाही, म्हणून ठराव पडला. तिसऱ्याने विरोध न करता तटस्थ राहणं पसंत केलं असतं तरी निकाल तोच. तटस्थता इथे प्रत्यक्षात विरोधासारखीच काम करते.

जमिनीची विक्री वगैरे काही विषयांना याहून मोठं, दोन तृतीयांश बहुमत लागतं. गुप्त मतदान चालत नाही. कुणी कुठे मत दिलं ते जाहीर करावंच लागतं.

१४. विद्यार्थी प्रतिनिधीचं मत धरतात का?

नोंदवतात, मोजत नाहीत. हायस्कूल असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये विद्यार्थ्यांनी अर्ज केला तर बोर्डाला विद्यार्थी सदस्य घ्यावा लागतो. त्याचं ‘प्राधान्य मत’ अधिकृत मतदानाच्या आधी विचारतात आणि इतिवृत्तात लिहितात. बंद दाराआडच्या भागात त्याला बसता येत नाही. मत मोजलं जात नसलं तरी, हजार मुलांच्या शाळेतली मुलगी सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणाल्यावर पुढच्या पाच जणांचा आवाज थोडा खाली येतो, हे बघण्यासारखं असतं.

१५. ‘क्लोज्ड सेशन’मध्ये काय चालतं? तिथेच सगळं ठरतं का?

बोर्डाला हवं ते तिथे नेता येत नाही. यादी ठरलेली आहे: कर्मचाऱ्याची नेमणूक, मूल्यमापन, शिस्त किंवा बडतर्फी, कोर्टातली प्रकरणं, संघटनांशी वाटाघाटी करणाऱ्या आपल्या माणसाला सूचना, जमीन व्यवहारातली किंमत आणि अटी, विद्यार्थ्यांवरची कारवाई. विषय अजेंड्यावर लिहावा लागतो आणि आत जाण्यापूर्वी लोकांना त्यावर बोलू द्यावं लागतं. बाहेर आल्यावर ठरावीक निर्णय मतांसह जाहीर करावे लागतात.

यातले दोन अपवाद लक्षात ठेवा. सुपरिंटेंडेंटचं मूल्यमापन आत होतं, पण त्याचा पगार बाहेर, नियमित बैठकीत ठरतो. विशेष बैठक बोलावून तो विषय घेताच येत नाही, आणि मतदानाआधी पगार-भत्त्यांचा गोषवारा तोंडी सांगावा लागतो. दुसरा अपवाद विद्यार्थ्याच्या हकालपट्टीचा. सुनावणी बंद दाराआड होते (कुटुंबाने वेळेत लेखी मागणी केली तर उघडी), पण अंतिम मतदान सगळ्यांसमोर. म्हणून अजेंड्यावर नावाच्या जागी नुसते क्रमांक दिसतात.

१६. मराठी मंडळाच्या दिवाळीत तीन ट्रस्टी एकाच टेबलावर जेवत होते. हे चालतं?

जेवण चालतं, डिस्ट्रिक्टच्या कामाची चर्चा चालत नाही. पाचातले तीन म्हणजे बहुमत, आणि बहुमताने बैठकीबाहेर कामाबद्दल बोलणं म्हणजे बेकायदा बैठक. सामाजिक समारंभाला हजर राहायला कायद्याची आडकाठी नाही.

खरा धोका साखळीचा. एका ट्रस्टीने दुसऱ्याला फोन केला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मत जुळलं, की झाली बेकायदा बैठक, जरी तिघे कधी एका खोलीत आले नाहीत. ईमेलचं ‘रिप्लाय ऑल’ याच कारणाने टाळतात. तुम्हीही निरोप्या बनू नका: ‘त्या ताई हो म्हणाल्या, आता तुम्ही सांगा’ असं तिसऱ्याला सांगणं हीसुद्धा साखळीच. समाजमाध्यमांवर नियम आणखी कडक आहे. २०२१ पासून, डिस्ट्रिक्टच्या कामाबद्दल एका ट्रस्टीने टाकलेल्या पोस्टवर दुसऱ्या ट्रस्टीने थेट प्रतिक्रिया द्यायची नाही. अंगठाही नाही.

१७. अंदाजपत्रकावर बोलायचं असेल तर केव्हा जायचं?

जूनच्या पहिल्या बैठकीला. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्याआधी अंदाजपत्रक मंजूर व्हावं लागतं. त्याच्या जोडीने ‘एलकॅप’ नावाचा तीन वर्षांचा आराखडा असतो: पैसा कोणत्या मुलांसाठी, कशासाठी. एका बैठकीत दोन्हींवर जाहीर सुनावणी आणि नंतरच्या वेगळ्या बैठकीत मंजुरी, असा क्रम आहे. बरेच लोक मंजुरीच्या दिवशी येतात.

पण जूनसुद्धा तसा उशीरच. शिक्षक कमी करायचे असतील तर पहिली नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते, म्हणजे बोर्डाचा ठराव फेब्रुवारी-मार्चमध्येच होतो. डिसेंबर आणि मार्चच्या मध्यापर्यंत दोन अंतरिम आर्थिक अहवाल येतात. त्यात ‘पॉझिटिव्ह’, ‘क्वालिफाइड’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा शेरा असतो. ‘क्वालिफाइड’ दिसलं की कात्री निघणार हे ओळखा. पटसंख्या घसरली की पैसा घसरतो. क्युपर्टिनो युनियनने प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला, त्यामागे हेच होतं.

१८. पैसे कमी पडतात तर बोर्ड कर का वाढवत नाही?

वाढवू शकत नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ नंतर मालमत्ता कराचा दर स्थानिक बोर्डाच्या हातात राहिला नाही. बोर्ड फक्त मतदारांपुढे प्रस्ताव ठेवू शकतं: इमारतींसाठी रोखे (साधारणपणे ५५ टक्के मतं) किंवा ‘पार्सल टॅक्स’, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावरचा कर (दोन तृतीयांश). रोख्यांच्या पैशांतून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. ‘नवीन जिम बांधता आणि शिक्षक काढता?’ या रागाचं उत्तर हेच.

१९. दिवाळीला शाळेला सुट्टी का देत नाहीत?

आता देता येते. २०२५ मध्ये राज्याने दिवाळीला सुट्टीच्या यादीत घेतलं, २०२६ पासून. पण शाळा बंद ठेवायची की नाही ते प्रत्येक बोर्डाने कर्मचारी संघटनांशी करार करून ठरवायचं आहे. शाळेचं कॅलेंडर हा वाटाघाटीचा विषय असतो आणि ते बहुधा एक-दोन वर्षं आधीच ठरतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये जाऊन ‘या महिन्यात सुट्टी द्या’ म्हणण्यात अर्थ नाही; पुढच्या कॅलेंडरची चर्चा कधी आहे ते विचारा. (कायद्यात तिथी कार्तिकाची आहे. आपल्या पंचांगात लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येतं. दिवस एकच, त्यावरून वाद घालत बसू नका.)

२०. नववीत गणिताचा कोणता वर्ग मिळणार, हे बोर्ड ठरवतं का? आणि पाठ्यपुस्तकातला हिंदू धर्माचा धडा?

तुमच्या मुलाचा वर्ग नाही, पण नियम हो. २०१५ च्या कायद्याने नववीच्या गणित प्रवेशासाठी न्याय्य, वस्तुनिष्ठ आणि पारदर्शक धोरण बोर्डाने नियमित जाहीर बैठकीत मंजूर केलं पाहिजे, आणि त्यात पालकांना दाद मागण्याची सोय हवी. ते धोरण संकेतस्थळावर असतं. ते वाचून, त्यातल्या कलमाचा हवाला देऊन शाळेशी बोला.

धड्यातला मजकूर ठरतो सॅक्रामेंटोला, राज्याच्या पातळीवर. २०१६ च्या अभ्यासक्रम आराखड्यावरून झालेला मोठा वाद राज्य मंडळापुढे झाला होता, तुमच्या डिस्ट्रिक्टपुढे नाही. स्थानिक बोर्ड पुस्तक निवडतं, त्यातली वाक्यं बदलत नाही.

२१. रविवारच्या मराठी शाळेला वर्ग हवेत, आणि मुलांना मराठीचं क्रेडिट. बोर्डाकडे कसं जायचं?

वर्गांसाठी बोर्डाकडे जायची गरज नाही. सिव्हिक सेंटर ॲक्टखाली डिस्ट्रिक्टच्या सुविधा विभागाकडे अर्ज करायचा, विम्याचं प्रमाणपत्र जोडायचं. दरपत्रक बोर्डाने मंजूर केलेलं असतं. ना-नफा संस्थांचा दर वेगळा आहे का ते बघा.

क्रेडिट हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यामुळे तो अजेंड्यावर यावा लागतो. डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंधित विषय अजेंड्यावर मांडण्याचा हक्क नागरिकांना शिक्षण संहितेतच दिला आहे. सुपरिंटेंडेंटला लेखी विनंती करा; किती दिवस आधी द्यायची ते बोर्डाच्या ९००० क्रमांकाच्या उपविधींत असतं. त्याआधी अभ्यासक्रम विभागाशी बोलून घ्या. तयारीविना थेट अजेंड्यावर आलेला विषय बहुधा ‘पाहू’ म्हणून परत जातो.

२२. आम्हाला मत देता येतं का? आणि उभं राहता येतं?

साधारणपणे नागरिकांनाच. अपवाद सॅन फ्रान्सिस्कोचा: २०१६ च्या प्रस्तावानंतर, २०१८ पासून तिथे नागरिक नसलेले पालकही शाळा बोर्डाच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. पण नोंदणीची माहिती इमिग्रेशन खात्याच्या हाती जाऊ शकते असा इशारा शहराचं निवडणूक खातंच देतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर आधी वकिलाला विचारा. बाकी कुठेही नागरिक नसताना मत देऊ नका, चुकूनही.

उमेदवाराचं वय १८ हवं, तो नागरिक, नोंदणीकृत मतदार आणि डिस्ट्रिक्टचा रहिवासी हवा. आता बऱ्याच ठिकाणी प्रभाग आहेत, तिथे त्या प्रभागाचाही. डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी करत असाल तर निवडून आल्यावर ती सोडावी लागते. बर्कली आणि ओकलंडमध्ये १६ वर्षांच्या मुलांनाही फक्त शाळा बोर्डासाठी मताधिकार आहे; २०२४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं.

२३. मुदत संपायच्या आत ट्रस्टीला काढता येतं का? कुणी राजीनामा दिला तर?

काढता येतं, सह्या गोळा करून ‘रिकॉल’ निवडणूक घेऊन. सॅन फ्रान्सिस्कोत १५ फेब्रुवारी २०२२ ला मतदारांनी तीन सदस्यांना एकदम घरी बसवलं. लांबलेल्या शाळाबंदीच्या काळात ४४ शाळांची नावं बदलायचा घाट आणि लोवेलचं प्रकरण (प्रश्न ७) त्यांना भोवलं.

राजीनामा आला तर बोर्ड ६० दिवसांत निवडणूक लावतं किंवा स्वतः कुणाला नेमतं. नेमणूक पटली नाही तर ३० दिवसांत पुरेशा मतदारांच्या सह्यांनी ती रद्द करून निवडणूक घ्यायला लावता येते. हा हक्क फारसं कुणी वापरत नाही, कारण तो आहे हेच ठाऊक नसतं.

२४. ट्रस्टीने मला फेसबुकवर ब्लॉक केलं. करू शकतात?

खातं कशासाठी वापरतात यावर आहे. पोवे युनिफाइडच्या दोन ट्रस्टींनी पालकांना ब्लॉक केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने मिशिगनच्या एका जोडप्रकरणात कसोटी घालून दिली आणि पोवेचं प्रकरण त्या कसोटीवर तपासायला परत पाठवलं: त्या व्यक्तीला सरकारतर्फे बोलण्याचा खराखुरा अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये ती तो वापरत होती का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ब्लॉक करणं ही सरकारी कृती ठरते, आणि मग ती घटनाबाह्य ठरू शकते. मुलांचे फोटो टाकायच्या खासगी पानावरून काढलं असेल तर सोडून द्या.

२५. बोर्डाने नियम मोडला असं वाटतं. पुढे काय?

आधी पुरावा. बैठकीचं ध्वनिमुद्रण तुम्ही स्वतःही करू शकता. डिस्ट्रिक्टने केलेलं मुद्रण ३० दिवसांनी पुसायची मुभा आहे, त्यामुळे लगेच मागा. कागदपत्रांसाठी सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली अर्ज करा. दहा दिवसांत कागद देणार की नाही ते कळवावं लागतं, फार तर आणखी चौदा दिवस. ट्रस्टीच्या खासगी ईमेलवर किंवा फोनवर झालेलं कामाचं बोलणंही यात येतं, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सॅन होजेच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

मग बोर्डाला लेखी मागणी करा: अमुक तारखेचा अमुक निर्णय, अमुक कलमाचा भंग, तो दुरुस्त करा. मुदत ९० दिवसांची. पण उघड्या बैठकीत, अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय झाला असेल तर फक्त ३० दिवस, आणि इथेच बहुतेकांची तारीख हुकते. बोर्डाला उत्तराला ३० दिवस मिळतात. त्यांनी नकार दिला किंवा गप्प बसले, तर त्यानंतर १५ दिवसांत कोर्टात जावं लागतं. बऱ्याच वेळा तिथवर वेळ येत नाही. डिस्ट्रिक्टचा वकील पत्र वाचतो आणि पुढच्या अजेंड्यावर तोच विषय, या वेळी नीट लिहून, पुन्हा येतो.